खांबाचे भाडेकरू

आपल्याकडे शुभकार्याची सुरुवात खांबाने होते. लग्नामुंजीच्या मांडवाचा पहिला खांब रोवतात, त्याला मुहूर्तमेढ म्हणतात. पेठेतल्या गणपती मंडळांचा उत्सवही मांडवाच्या पहिल्या वाशाची पूजा झाली की सुरू झाला असे मानतात. संस्थेसाठी राबणाऱ्या माणसाला आपण आधारस्तंभ म्हणतो, आणि घरातले कर्ते माणूस गेले की घराचा खांब गेला म्हणून हळहळतो. या सगळ्या बोलण्यात खांबाचे एकच काम गृहीत धरलेले असते, ते म्हणजे वरचे ओझे पेलणे. खांब आणखी एक काम करतो, त्याची दखल मात्र कोणी घेत नाही. घराला, पुलाला किंवा बंदरातल्या धक्क्याला टेकू म्हणून जो खांब उभा केला, त्याच्या कडेकपारीत कोणी ना कोणी मुक्कामाला येतेच. न विचारता, न भाडे भरता. अशा भाडेकरूंविषयी आज लिहायचे आहे, कारण आमच्या बुधवार पेठेत त्यांची बिऱ्हाडे भराभर उठत आहेत.

बुधवार पेठ म्हटली की परगावच्या माणसाला दगडूशेठ हलवाई गणपती आठवतो, विद्यार्थ्याला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, गृहिणीला तुळशीबाग आणि हौशी कारागिराला पासोड्या विठोबाजवळची विजेच्या सामानाची दुकाने. या गजबजाटातून एखाद्या बोळात वळले की अजूनही काही वाडे उभे दिसतात. वाडा म्हणजे मुळात खांबांचे घर. बाहेरून जाडजूड भिंत दिसते, म्हणून भिंतीनेच घर तोलले असेल असे वाटते. पण वाड्याचा बराचसा भार आतल्या लाकडी सांगाड्यावर असतो. खाली दगडी जोते, जोत्यावर तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड, तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर आडवी तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर पाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढे, असे विचारले तर जुनी माणसे चौरस फूट सांगत नसत. पाच खणी, सात खणी असे सांगत. घराचे मापसुद्धा खांबांनीच ठरे.

तळखड्याची योजना मोठी शहाणपणाची होती. लाकूड सरळ जमिनीत पुरले तर ओल आणि वाळवी त्याचा फडशा पाडतात. दगडावर ठेवले की पाय कोरडा राहतो. पुण्याच्या भूमीत थोडे खणले की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. त्यामुळे खांब खोलवर ठोकत नेण्याची गरज आमच्या पेठेत कधी पडली नाही. दगडावर दगड, दगडावर लाकूड, अशी ही रचना उभी राहिली.

आता गंमत अशी की लाकूड हे जिवंतपणी झाड असते आणि मेल्यावरही पुरते मरत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेजारची वीट आणि माती आपल्या जागी तटस्थ असतात. त्यामुळे लाकूड आणि भिंत जिथे भेटतात तिथे वर्षा-दोन वर्षांत बोटभर फट पडते. तुळईवर कड्या टेकतात तेव्हा दोन कड्यांच्या मध्ये, पाटाच्या खाली, एकेक छोटा कप्पा आपोआप तयार होतो. ही जागा काही सुताराने कुणासाठी राखलेली नसते. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना टेकल्या की मध्ये जे उरते ते हे. चिमणीला नेमके तेच हवे असते. वर छप्पर, मागे भिंत, पुढे इवलेसे तोंड, आणि मांजराचा पंजा पोचणार नाही एवढी उंची.

माझ्या लहानपणीच्या वाड्यात तिसऱ्या खणातल्या तुळईवर चिमण्यांचे बिऱ्हाड वर्षानुवर्षे होते. चहाच्या कपात काडी पडली की आजी कप सरकवून घेई, घरट्याला कोणी हात लावू देत नसे. "अरे, लेकुरवाळी आहे ती," एवढेच तिचे समर्थन. कोनाड्यात पाल असे, माळ्यावर पाकोळ्या असत. वाशाला भोक पाडून राहणारा भुंगा, खांबाच्या कोपऱ्यात चिखलाची मडकी लिंपणारी कुंभारीण माशी, चौकातल्या पन्हळीवरून धावणारी खार, असा सगळा बारदाना त्या सांगाड्याच्या आश्रयाने नांदत होता. घरमालक आणि भाडेकरू यांचे वाद कोर्टात चालत, त्यांना तारखांवर तारखा पडत. या मंडळींच्या नावाने मात्र भाडेपावती कधी फाटली नाही.

पुढे बँकेत नोकरी करताना गहाणखते आणि खरेदीखते वाचण्याचा योग रोजचाच आला. मराठी दस्तात मिळकतीची चतुःसीमा लिहिली की एक ठरावीक शब्दमालिका येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. म्हणजे मिळकतीतले पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड आणि पुरून ठेवलेले धनसुद्धा. किती बारकाईने विचार केला आहे पाहा. कुणी कधी काळी पुरलेल्या हंड्याचीही सोय दस्तात आहे. त्या लाकडाच्या आणि दगडाच्या मधोमध राहणाऱ्या जिवांना मात्र तिथे शब्द नाही. कायद्याच्या दृष्टीने ते तिथे राहतच नाहीत. त्यामुळे घर पाडताना त्यांना नोटीसही द्यावी लागत नाही.

खांबांचे शहर आगीला भिते. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या. आज आत जाऊन पाहिले तर मोकळी जोती आणि दगडी पाये दिसतात. वर काय होते त्याची कल्पना करावी लागते. बुधवार पेठेला जो बुधवार वाडा होता तो १८७९ च्या मे महिन्यात आगीत गेला. त्याच आगीच्या प्रकारात विश्रामबागवाड्याचेही नुकसान झाले. खांब कसे असत हे पाहायचे असेल तर नाना फडणवीसांच्या नाना वाड्यात जावे. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे ते कोरीव खांब पाहिले की लाकडाच्या कामात आपला हात कुठवर पोचला होता ते कळते.

आगीतून जे वाचले ते भाड्याच्या कायद्याने आणि पावसाने झिजवले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला हे खरे, पण दहा-वीस रुपये भाड्यात घरमालक कौले तरी कशी शाकारणार? कौल सरकले, पाणी तुळईच्या टोकात मुरले, आणि जिथे लाकूड भिंतीत शिरते तिथेच ते आतून पोकळ झाले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, आणि त्या लागल्याच पाहिजेत; अंगावर घर कोसळून माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तोसुद्धा शेवटी इतका मोडकळला होता की सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद संपल्यावर २०२३ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय स्मारकासाठी, तो उतरवावा लागला. तेव्हा वाडे जसेच्या तसे ठेवा असा माझा आग्रह नाही. ज्या जिन्यावर रोज जीव मुठीत धरून चढायचे, त्याचे कौतुक पाहुण्यांनी करावे.

प्रश्न पुढचा आहे. वाड्याच्या जागी जी इमारत येते तिच्यात दुसऱ्या भाडेकरूंसाठी काय उरते?

आमच्या गल्लीत एका वाड्याच्या जागेवर नवे बांधकाम चालले होते. तिथल्या तरुण इंजिनियरशी बोलणे झाले. मी त्याला वाड्याची फट आणि चिमणीचा कप्पा समजावून सांगितला. तो हसून म्हणाला, "काका, फट म्हणजे आमच्या धंद्यात दोष. खांब, तुळई, स्लॅब सगळं एकसंध ओततो आम्ही. चुकून फट राहिली तर ग्राहक गळतीची तक्रार करतो."

"भिंतीच्या आरपार नको रे. बाहेरच्या अंगाने वीतभर पोकळी, आतून बंद."

"मग आर्किटेक्टना ड्रॉइंगमध्ये दाखवायला सांगा. ड्रॉइंगमध्ये आलं की आम्ही करतो. नसेल तर मिस्त्री लिंपून टाकणार."

त्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. सिमेंट-काँक्रीटची सारी थोरवी एकसंधपणात आहे. खांब आणि तुळई एकाच ओतीत तयार होतात, मध्ये सांधा राहत नाही आणि म्हणून जागाही राहत नाही. वाड्यातली पोकळी कारागिराच्या नकळत तयार होत असे. नव्या इमारतीत ती कोणी तरी मागावी लागेल आणि कागदावर आणावी लागेल.

एक पाहुणा मात्र न मागता येतो, तो म्हणजे पारवा, ज्याला आपण कबुतर म्हणतो. पारवा हा मुळात कड्यांवरचा पक्षी. डोंगराच्या कपारीत दगडाची जी उघडी फळी असते तीवर दोन काड्या टाकून तो अंडी घालतो. आपली उंच इमारत म्हणजे त्याच्या दृष्टीने कडाच. खिडकीवरचे छज्जे, एअरकंडिशनरच्या मागची जागा, उड्डाणपुलाच्या खांबाचे रुंद माथे, सगळीकडे त्याला हवी तशी सपाट फळी मिळते. चिमणीला फळी नको असते, तिला भोक हवे असते. आपण भोके बुजवली आणि फळ्या वाढवल्या. मग चिमण्या कमी आणि पारवे फार झाले, यात नवल ते काय? २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जे रण माजले त्यात धान्य टाकणाऱ्यांची आणि विष्ठेने होणाऱ्या आजारांची चर्चा पुष्कळ झाली. इमारतींच्या घडणीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पेठेतून शनिवारवाड्यावरून नदीकडे उतरले की खांबांचा दुसरा प्रकार भेटतो, पाण्यात उभा असलेला. पुण्यात त्याचा इतिहास जुना आहे. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने मुठेवर लाकडी पूल बांधला गेला असे सांगतात. पुढे तो दगडी झाला, त्याचे नावही संभाजी पूल झाले. पण पुणेकर त्याला लकडी पूलच म्हणतात. बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतच्या पुराचे पाणी त्याच्यावरून गेले.

पाण्यात लाकूड कुजते, मग पूल लाकडाचा कसा, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. सदैव गाळात किंवा पाण्याखाली बुडालेल्या लाकडाला हवा जवळपास मिळतच नाही, म्हणून ते शतकानुशतके टिकते. कुजते ते पाण्याच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा आलटून पालटून लागते. आपल्याकडे विहिरीच्या कामात जांभळाचे लाकूड वापरत ते ते पाण्यात टिकते म्हणूनच. व्हेनिस शहर असेच चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहे. तिथला रिआल्टोचा दगडी पूल १५९१ मध्ये पुरा झाला. त्याच्या पायाखाली सुमारे बारा हजार लाकडी खांब आहेत आणि ते अजून भार वाहत आहेत.

समुद्रात मात्र खांबाला वेगळेच भाडेकरू लागतात. टेरेडो नावाचा एक जीव आहे, दिसायला किड्यासारखा पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. तो खाऱ्या पाण्यातले लाकूड आतून पोखरतो. १७३१ च्या सुमारास त्याने नेदरलँडमधल्या समुद्रबंधाऱ्यांचे लाकूड इतके खाल्ले की त्या देशाला लाकूड सोडून दगडाकडे वळावे लागले. आपल्या कोकणातले नाखवे लाकडी होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांना तेलपाणी करत, त्यामागेही ही धास्ती होतीच. पण सगळेच भाडेकरू घर खाणारे नसतात. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी खांब पाहावेत. भरतीची रेषा जिथवर चढते तिथवर पांढऱ्या, टोकदार बार्नेकलचा थर असतो, त्याखाली कालवे, त्याखाली शेवाळ. फटीत खेकडे आणि खांबाच्या सावलीत लहान मासे. एखाद्या दोरखंडावर खंड्या टपून बसलेला. जिथे सगळा मऊ चिखल आहे तिथे असा एक खांब म्हणजे उभा खडकच. तो मिळाला की खडकावरचे सारे गणगोत तिथे गोळा होते. डोलीची जाळी ताणण्यासाठी आपले कोळी समुद्रात जे खुंट ठोकत, त्यांनाही अशीच वस्ती लागते.

सांगायचा मुद्दा असा की खांब लाकडाचा असो, दगडाचा असो की काँक्रीटचा, तो खडबडीत असेल, त्याला खाच असेल, तर कोणी तरी येतेच. पुण्याच्या दगडी पुलांनाही हे लागू आहे. कसब्याजवळचा, आपण ज्याला नवा पूल म्हणतो तो शिवाजी पूल १९२३ चा. अशा पुलांच्या कमानींतून सांधे आणि पाणी झिरपण्याची भोके असतात. पाकोळ्यांना ती पुरतात. पाकोळी हा शब्द आपण माळ्यावरच्या छोट्या वटवाघळालाही लावतो आणि त्या चपळ पक्ष्यालाही. त्या पक्ष्याचे पाय इतके आखूड असतात की त्याला फांदीवर बसता येत नाही. उभ्या खडबडीत पृष्ठभागाला लटकावे लागते. उडता उडता गोळा केलेली पिसे थुंकीने चिकटवून तो घरटे करतो. तारवाली भिंगरी पुलाखाली, पाण्याच्या वर, चिखलाची वाटी लिंपते. तिला ओला चिखल हवा, उडते किडे हवेत आणि वाटी चिकटेल असा खरबरीत आडोसा हवा. नदीत चिखलाऐवजी सांडपाणी आले की आडोसा असूनही काही उपयोग नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

गेल्या काही वर्षांत नदीला नवे खांब आले. वनाझहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोची मार्गिका मुठेच्या काठाने, काही अंतर पात्रातून जाते. त्याला आक्षेप घेणारी याचिका २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. यथावकाश काम झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून डेक्कन, संभाजी उद्यान, महापालिका अशी गाडी धावू लागली. दुसरी मार्गिका आमच्या पेठांच्या पोटातून जाते. मूळ आराखड्यात ज्या स्थानकाचे नाव बुधवार पेठ होते ते कसबा पेठ या नावाने २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. खांब आता उभे आहेत आणि आपल्या हयातीत ते हलणार नाहीत. असा खांब जेवढा दिसतो तेवढाच नसतो. यंत्राने जमिनीत भोक पाडत खडकापर्यंत जायचे, सळयांचा पिंजरा सोडायचा, तळापासून काँक्रीट भरत यायचे. जमिनीत अशा तऱ्हेने घातलेल्या स्तंभांना पाइल म्हणतात. त्यांच्यावर एक जाड टोपी आणि टोपीवर आपल्याला दिसतो तो गुळगुळीत खांब. त्या खांबाला हात लावून पाहा, काचेसारखा लागतो. त्याला भिंगरीची वाटी चिकटत नाही, पाकोळीची नखे रुतत नाहीत. माथ्यावरच्या सपाट जागेत पारवे तेवढे घुमतात.

काँक्रीटच्या खांबात जीव राहूच शकत नाही असे मात्र नाही, आणि याचा पुरावा अमेरिकेत आहे. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात नदीवर १९१० चा एक पूल आहे. १९८० मध्ये त्याची डागडुजी झाली तेव्हा पुलाच्या खालच्या बाजूला लांबच लांब फटी राहिल्या, रुंदीला इंच-दीड इंच आणि खोलीला सुमारे सोळा इंच. इंजिनियरांनी त्या काँक्रीटच्या सोयीसाठी ठेवल्या होत्या. वटवाघळांनी त्या पाहिल्या आणि ती हजारोंनी तिथे राहायला आली. लोक घाबरले, रोग पसरेल, यांना मारा, अशी ओरड झाली. वटवाघळांचे अभ्यासक मर्लिन टटल १९८६ मध्ये त्या गावी येऊन राहिले आणि माणसांची भीती घालवण्याचे काम त्यांनी चिकाटीने केले. आज उन्हाळ्यात त्या पुलाखाली पंधरा लाखांपर्यंत वटवाघळे असतात. संध्याकाळी ती काळ्या धुरासारखी बाहेर पडतात, रात्रभर शेतावरचे किडे खातात, आणि ते दृश्य पाहायला लोक तिकीट काढून नावेत बसतात. पूल तोच, काँक्रीट तेच. फरक इंचभर फटीचा.

त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरची गोष्ट थोडी वेगळी आणि अधिक शिकवणारी आहे. भिंगरीच्या कुळातला पर्पल मार्टिन नावाचा पक्षी तिथे जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहत असे. झाडे तुटली तेव्हा तो बंदरातल्या जुन्या लाकडी खांबांच्या भोकांत राहू लागला. तेही संपत आले. उत्तरेकडे कॅनडाच्या किनाऱ्यावर तर १९८० च्या दशकात त्याच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. तेव्हा हौशी मंडळींनी होड्या काढून पाण्यातल्या जुन्या खांबांवर लाकडी पेट्या ठोकल्या, आणि आज तिथे शेकडो जोड्या आहेत. पण हे खांब कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट पाजलेले असते. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांना जो उग्र वास यायचा तो त्याचाच. या विषाने खांबाला चिकटलेली हेरिंग माशांची अंडी मरतात असे दिसून आले. म्हणून आता ते खांब उपटून काढण्याचे काम चालते, आणि मार्टिनच्या पेट्यांची दुसरीकडे सोय लावावी लागते. जुने ते सगळे सोने नसते. काढायचे ते काढावे. मात्र काढण्यापूर्वी आत कोण राहते ते पाहावे आणि त्याला पर्यायी जागा द्यावी. माणसांच्या बाबतीत आपण याला पुनर्वसन म्हणतो.

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराने २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवण्याची अट घातली आहे. वीट बाहेरून दिसायला विटेसारखीच. तिला एक भोक आणि आत बंद कोठडी. ना गळती, ना घरात घाण. आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस साजरा होतो, त्या निमित्ताने लाकडी खोकी वाटली जातात. खोके चांगलेच, पण ते खिळ्यावर लटकते आणि दोन पावसाळ्यांत सुटते. भिंतीत बसवलेली कोठडी इमारतीइतकीच टिकेल.

एवढे केल्याने चिमण्यांचे थवे परत येतील असे सांगून मी कुणाला फसवणार नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२० मध्ये निघाला, त्याप्रमाणे देशभरात चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. घट झाली आहे ती मोठ्या शहरांत. मोबाइलच्या मनोऱ्यांवर आपण सारे खापर फोडतो, पण त्याला पक्का पुरावा मिळालेला नाही. घरटी बांधायला जागा नसणे आणि पिल्लांना खायला किडे-अळ्या नसणे ही कारणे अधिक संभवनीय आहेत. चिमणी दाणे खाते, पण पिल्लाला पहिले काही दिवस मऊ किडाच लागतो. ज्या सोसायटीत फरशीखेरीज काही नाही आणि कुंड्यांवर दर आठवड्याला औषध फवारतात, तिथे दहा कोठड्या रिकाम्या राहतील. चार देशी झुडपे, एक वेल आणि फवारणीला सुट्टी, एवढे तरी सोबत हवे.

बुधवार पेठेतल्या ज्या कुटुंबांच्या वाड्याचा पुनर्विकास ठरतो आहे, त्यांच्या घरी पुढल्या काही वर्षांत नकाशे येतील. कारपेट एरिया किती, पार्किंग मिळणार का, देवघर कुठे, यावर रात्री जागतील. ते स्वाभाविक आहे. आयुष्याची पुंजी त्यात असते. त्याच बैठकीत आर्किटेक्टला आणखी एक ओळ लिहायला सांगावी: उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीत, दहा-बारा फुटांच्या वर, सज्जाच्या सावलीत, आतून बंद अशा पाच-दहा कोठड्या, तोंडाचे भोक सुमारे बत्तीस मिलिमीटरचे. चिमणी आत शिरते, पारवा शिरत नाही. उड्डाणपूल आणि मेट्रोचे पुढचे टप्पे आखणाऱ्यांनाही असेच सांगता येईल. खांबाच्या माथ्याखाली खरबरीत पट्टा किंवा एक फट ठेवली तर पुलाच्या ताकदीत उणे काही होत नाही, फक्त ती आधी ठरलेली हवी.

दुसरी गोष्ट पाडकामाची. वाडे बहुधा पावसाळ्यापूर्वी, मार्च ते मे या काळात उतरवतात, आणि चिमण्यांचा घरट्यांचा भरही तेव्हाच असतो. अंडी उबायला बारा-चौदा दिवस, पिल्ले उडायला आणखी पंधरा-सोळा. म्हणजे एका बिऱ्हाडाला महिनाभर हवा. वाडा धोकादायक नसेल तर कड्यांवर एकदा नजर टाकून, बिऱ्हाड असलेला खण शेवटी उतरवायला मिस्त्रीला सांगता येते. नोकरीत असताना कर्जदाराने हात जोडले की हप्त्याला महिन्याची सवलत आम्ही सहज देत असू, आणि त्याने बँक बुडाल्याचे मला आठवत नाही.